पाणी तोडले, वीज गेली, लिफ्ट बंद : भाडेकरूंचे प्रश्न आणि त्यांची उत्तरे

या महिन्यात आलेली बहुतेक पत्रे एकाच विषयाची आहेत. भाड्याच्या घरातले पाणी, वीज किंवा लिफ्ट बंद होते, घरमालक लक्ष देत नाही किंवा त्यानेच ती बंद केलेली असते, आणि दाद कोणाकडे मागायची हे भाडेकरूला कळत नाही. त्यांपैकी सहा पत्रे थोडी संक्षिप्त करून, नावे वगळून येथे घेतली आहेत. उत्तरांत ‘भाडे कायदा’ असे म्हटले आहे तेथे महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 असा अर्थ घ्यावा. हा कायदा 31 मार्च 2000 पासून अंमलात आहे.

प्रश्न : आमची लालबागची चाळ दुमजली असून तीत चोवीस खोल्या आहेत. सर्वजण पागडीचे भाडेकरू आहोत आणि भाडे खोलीमागे महिना 180 रुपये आहे. महापालिकेचे पाणी खालच्या टाकीत येते. ते गच्चीवरच्या टाकीत चढवणारा पंप गेल्या गणपतीत जळला, तो अजून तसाच आहे. मालक म्हणतात, ‘मी काही पाणी तोडलेले नाही. पंप आपोआप जळला. चाळ पुनर्विकासाला जाणार आहे, आता खर्च कशाला करायचा?’ वरच्या मजल्यावरच्या वयस्कर माणसांना बादल्या वाहाव्या लागतात. आम्ही वर्गणी काढून पंप बसवला तर तो खर्च भाड्यातून वळता करता येईल का? — एक भाडेकरू, लालबाग

उत्तर : मालकांचे म्हणणे बिनतोड वाटते, पण कायद्यापुढे ते टिकणारे नाही. भाडे कायद्याच्या कलम 29 नुसार भाडेकरूला मिळत असलेली अत्यावश्यक सेवा घरमालकाला रास्त व पुरेशा कारणाशिवाय तोडता येत नाही, तशीच ती रोखूनही धरता येत नाही. ‘अत्यावश्यक सेवा’ या शब्दांत पाणी, वीज, जिन्यातले आणि बोळातले दिवे, लिफ्ट आणि साफसफाई या गोष्टींचा स्पष्ट उल्लेख आहे. रोखून धरण्यासाठी हातात पकड घेऊन पाइप कापावा लागत नाही. पंप बंद आहे, त्यामुळे वर पाणी चढत नाही आणि दुरुस्ती आपल्याच अखत्यारीत आहे, हे सगळे ठाऊक असूनही मालक महिनोन्‌महिने स्वस्थ बसत असेल, तर त्याने पाणी रोखून धरले असे न्यायालयापुढे ठामपणे मांडता येते. पुनर्विकास हे ‘रास्त कारण’ होत नाही. चाळ ज्या दिवशी रिकामी होईल त्या दिवशी होईल. तोवर तेथे माणसे राहत आहेत आणि त्यांचे भाडे मालक घेत आहेत.

म्हणूनच पहिले पाऊल म्हणून नोटीस आवश्यक आहे. सर्व भाडेकरूंनी मिळून एक लेखी नोटीस तयार करावी. पंप कोणत्या तारखेपासून बंद आहे, किती खोल्यांना पाणी मिळत नाही आणि तोंडी तक्रार कोणाकडे केली होती, हे तीत साध्या शब्दांत लिहावे, दुरुस्तीसाठी किमान 15 दिवसांची मुदत द्यावी आणि ती स्पीड पोस्टाने पाठवून पोच जपून ठेवावी. नोटीस मिळाल्यानंतर ‘मला माहीतच नव्हते’ हा बचाव मालकाला उरत नाही. नोटिसीसोबत एखाद्या प्लंबरचे किंवा मोटार दुरुस्त करणाऱ्याचे त्याच्या छापील कागदावरचे पत्र जोडावे : अमुक तारखेला पंप तपासला, मोटारीचे वाइंडिंग जळालेले आहे, दुरुस्तीला अथवा बदलण्याला अंदाजे इतका खर्च येईल, आणि खाली सही. कोरड्या नळाचा मोबाइलवर काढलेला फोटो न्यायालयात फार काही सांगत नाही, कारण त्या वेळी महापालिकेचेच पाणी आले नव्हते असे उत्तर समोरून येते. प्लंबरचे चार ओळींचे पत्र मात्र दोष नेमका कोठे आहे हे दाखवते. फोटो आणि चित्रफिती दाखल करायच्याच असतील तर भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 63 प्रमाणे त्यांच्यासोबत प्रमाणपत्र द्यावे लागते, हे वकिलांना आधीच सांगून ठेवावे.

आता खर्च वळता करण्याविषयी. भाडे कायद्याच्या कलम 14 नुसार, उलट करार नसेल तर, जागा राहण्याजोग्या स्थितीत ठेवणे हे घरमालकाचे कर्तव्य आहे. किमान 15 दिवसांची नोटीस देऊनही त्याने वाजवी वेळेत दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरू एकेकटे किंवा एकत्र मिळून ती स्वतः करू शकतात आणि खर्च भाड्यातून कापून घेऊ शकतात. भाडेकरूंनी ठेवलेला हिशेब आणि पावत्या हा त्या खर्चाचा निर्णायक पुरावा मानला जातो, त्यामुळे प्रत्येक पावती जपावी. मात्र या कलमात एक मर्यादा आहे : एका वर्षात कापायची रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त असू नये. आपल्या चाळीत एका खोलीचे वर्षाचे भाडे 2,160 रुपये होते, त्याचा चौथा हिस्सा 540 रुपये, आणि चोवीस खोल्यांचे मिळून वर्षाला 12,960 रुपये. पंप, वायरिंग आणि मजुरी धरून 40,000 रुपये खर्च आला, तर तो पूर्ण वळता व्हायला तीन वर्षे उलटून जातील. पागडीच्या जुन्या भाड्यांना हे कलम फारच तोकडे पडते, आणि ते तोकडे पडते हे मालकांनाही चांगले ठाऊक असते. दुरुस्ती भाडेकरूनेच करायची अशी अट जुन्या करारात किंवा भाडेपावतीच्या मागच्या बाजूला छापलेली नाही ना, हेही एकदा पाहून घ्यावे.

म्हणून माझा सल्ला असा आहे की आपण कलम 14 वर विसंबून न राहता कलम 29 खाली अर्ज करावा. एकाच इमारतीतल्या भाडेकरूंना हा अर्ज एकत्रितपणे करता येतो, त्यामुळे वकिलाचा खर्च वाटला जातो आणि एकट्यादुकट्यावर दबाव येत नाही. मुंबईत हा अर्ज लघुवाद न्यायालयात करायचा असतो. पुण्यातही लघुवाद न्यायालय आहे, आणि जेथे असे न्यायालय नाही तेथे दिवाणी न्यायाधीशांकडे जावे लागते. अर्जाच्या सुरुवातीलाच अंतरिम आदेश मागावा. पूर्ण चौकशी होण्याआधीच अमुक तारखेपर्यंत सेवा पूर्ववत करा असे मालकाला सांगण्याचा अधिकार कलम 29(3) ने न्यायालयाला दिलेला आहे, आणि पाण्याच्या प्रकरणात तो मागितल्याशिवाय राहू नये. न्यायालयाला जागेची पाहणी करून हवी असेल तर त्यासाठी न्यायालय आयुक्त (कोर्ट कमिशनर) नेमता येतो. आपण स्वतःहून तशी विनंती करावी. आदेशात दिलेल्या तारखेनंतरही सेवा सुरू झाली नाही तर दर दिवसाला 100 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. अत्यावश्यक सेवा तोडणे किंवा रोखणे हा गुन्हाही आहे आणि त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 1,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. हे आकडे आजच्या मुंबईत कोणाही विकासकाला रोखू शकणारे नाहीत आणि विधिमंडळाने ते कधीच वाढवायला हवे होते, असे माझे स्पष्ट मत आहे. तरीही अर्ज करायचे टाळू नये, कारण या कलमाची खरी ताकद अंतरिम आदेशात आहे. पंधरा दिवस उलटल्यावर वर्गणीतून पंप बसवायचे ठरवले, तर तोही मार्ग खुला आहे. वृद्धांनी बादल्या वाहत निकालाची वाट पाहावी असे कोणताच कायदा सांगत नाही. मात्र बसवण्याआधी जुन्या पंपाचे फोटो आणि प्लंबरचे पत्र आपल्या हाती असलेच पाहिजे.

कलम 29 मधल्याच उपकलम 8 कडे बहुतेक भाडेकरूंचे दुर्लक्ष होते. मालकाने सेवा रोखली असेल, किंवा भाडेकरूला स्वतःच्या खर्चाने एखादी अत्यावश्यक सेवा घ्यायची असेल, तर तो थेट महापालिकेकडे किंवा संबंधित प्राधिकरणाकडे अर्ज करू शकतो, आणि त्या प्राधिकरणाला घरमालकाचे ना हरकत प्रमाणपत्र मागितल्याशिवाय मंजुरी देता येते. प्रभाग कार्यालयातल्या खिडकीवर ‘आधी मालकाची एनओसी आणा’ असे उत्तर मिळाले, तर अर्जातच या उपकलमाचा उल्लेख करावा आणि अर्जाच्या प्रतीवर आवक शिक्का घेऊनच परतावे. पाण्याच्या हक्काबद्दल मुंबई उच्च न्यायालयाने 2014 मध्ये पाणी हक्क समितीच्या याचिकेवर अनधिकृत वस्त्यांमधल्या रहिवाशांनासुद्धा पाणी नाकारता येणार नाही अशी भूमिका घेतली होती. आपण तर पिढ्यानपिढ्या पावती फाडून राहणारे भाडेकरू आहात.

प्रश्न : सेवाच मिळत नसेल तर भाडे का द्यायचे? आमच्या वाड्यातल्या सर्वांनी भाडे बंद करून मालकाला वठणीवर आणायचे ठरवले आहे. — एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे

उत्तर : कृपा करून असे करू नका. आपला संताप मी समजू शकतो, पण या एका निर्णयाने जिंकलेली बाजू हातची जाते. भाडे कायद्याच्या कलम 15 ने भाडेकरूला जे संरक्षण दिले आहे, ते भाडे देणाऱ्याला किंवा देण्यास तयार आणि इच्छुक असणाऱ्याला दिलेले आहे. थकबाकीच्या नोटिशीनंतर दावा लावण्याआधी मालकाला 90 दिवस थांबावे लागते, आणि दाव्याचे समन्स बजावल्यापासून 90 दिवसांत व्याजासह सर्व रक्कम भरली तर हुकूमनामा टळतो, हे खरे. पण ज्या मालकाला वाडा रिकामा करून हवा आहे त्याच्या हाती आपणच निष्कासनाच्या, म्हणजे घर खाली करून घेण्याच्या, दाव्याचे कारण कशासाठी द्यायचे? पाण्याचे भांडण पाण्यापुरतेच ठेवावे. कलम 14 खाली नोटीस देऊन केलेल्या दुरुस्तीची, वर सांगितलेल्या मर्यादेतली वजावट एवढीच भाड्यातून करावी. बाकी भाडे दरमहा ठरल्या तारखेला द्यावे. मालक घेत नसेल किंवा पावती देत नसेल, तर बँकेतून त्याच्या खात्यावर पाठवावे, म्हणजे बँकेतली नोंदच पावतीच्या जागी उपयोगी पडते. खात्याचा क्रमांकही देत नसेल तर तो लेखी मागावा आणि दावा सुरू असल्यास न्यायालयाच्या परवानगीने तेथे रक्कम भरावी. पावती देणे ही कायद्याने घरमालकाची जबाबदारी आहे, हेही त्याच पत्रात नोंदवावे.

प्रश्न : आमची इमारत पाच मजली, जुन्या भाडेकरूंची आहे. लिफ्टची देखभाल मालकाने थांबवली, तपासणीत ती असुरक्षित ठरली आणि निरीक्षकांनी बंद करायला लावली. मालक म्हणतात, ‘सरकारने बंद केली, मी काय करू?’ माझी आई चौथ्या मजल्यावरून दवाखान्यातही जाऊ शकत नाही. — एक वाचक, दादर

उत्तर : कलम 29 मध्ये नेमकी याच प्रसंगासाठी तरतूद आहे. घरमालकाच्या कृतीमुळे किंवा हयगयीमुळे स्थानिक प्राधिकरणाने किंवा इतर सक्षम अधिकाऱ्याने सेवा बंद केली, तर ती घरमालकानेच रोखून धरली असे कायदा समजतो. पाणीपट्टी मालकाने थकवली म्हणून महापालिकेने जोडणी तोडली, किंवा जिन्यातल्या दिव्यांचे बिल थकल्यामुळे वीज कंपनीने ते मीटर काढले, तरी हीच तरतूद लागू होते. निरीक्षकांच्या आदेशाची प्रत मिळवावी, कारण देखभाल न केल्यामुळे लिफ्ट बंद करावी लागली हे त्यांच्याच शब्दांत लिहिलेले असते, आणि तोच कागद आपल्या अर्जाचा कणा ठरेल. आईंच्या प्रकृतीचे वैद्यकीय प्रमाणपत्र जोडून अंतरिम आदेश मागावा. दोष दूर न करता लिफ्ट सुरू करा अशी मागणी मात्र करू नये. दुरुस्ती करून, फेरतपासणी करवून, ठरावीक तारखेच्या आत ती सुरू करावी असे मागावे.

प्रश्न : कोथरूडमध्ये मी आणि माझी बहीण लिव्ह अँड लायसन्स करारावर राहतो. करार अकरा महिन्यांचा आणि नोंदणीकृत आहे. पाच महिने बाकी आहेत. घरमालकांना फ्लॅट विकायचा आहे म्हणून आम्ही लगेच निघावे असा त्यांचा आग्रह आहे. आम्ही नकार दिल्यावर त्यांनी मीटरच्या खोलीतून आमच्या मीटरचा कटआउट (फ्यूज) काढून नेला. आम्ही अंधारात राहत आहोत. पोलीस चौकीत ‘हे दिवाणी प्रकरण आहे’ असे सांगितले. कलम 29 आम्हाला लागू होते का? — एक वाचक, पुणे

उत्तर : आधी एक अडचण स्पष्ट करतो, म्हणजे नंतर निराशा होणार नाही. कलम 29 मध्ये शब्द आहे ‘भाडेकरू’, आणि लिव्ह अँड लायसन्स करारावर राहणारी व्यक्ती कायद्याच्या भाषेत भाडेकरू नसून परवानाधारक असते. भाडे कायद्याने या दोघांची व्याख्या वेगवेगळी केली आहे. त्यामुळे फक्त कलम 29 चा आधार घेऊन अर्ज केला तर समोरचे वकील पहिल्याच तारखेला हरकत घेतील. महाराष्ट्रातल्या शहरांत आज भाड्याने राहणारी बहुतेक तरुण मंडळी याच कराराखाली राहतात, आणि ज्यांना संरक्षणाची सर्वाधिक गरज आहे तीच या कलमाच्या उंबऱ्याबाहेर उभी आहेत, ही कायद्यातली मोठी उणीव आहे. केंद्राने 2021 मध्ये तयार केलेल्या आदर्श भाडेकरार कायद्यात अत्यावश्यक सेवांची यादी अधिक विस्तृत आहे, पण तो राज्याने स्वीकारल्याशिवाय लागू होत नाही.

तरीही आपण निराधार नाही. करार हे आपले पहिले हत्यार आहे. तो नोंदणीकृत असल्यामुळे मुदत, मासिक रक्कम, अनामत आणि दिलेल्या सोयी या गोष्टींवर वाद घालायला फारशी जागा उरत नाही. वीजजोडणीसह सदनिका दिली असे त्यात लिहिलेले असेल, आणि बहुधा असतेच, तर जोडणी तोडणे हा करारभंग आहे. मुदतीआधी करार संपवण्याचे कलमही वाचून पाहावे. मालकाला एक महिन्याची नोटीस देऊन करार संपवता येईल अशी अट त्यात असेल, तर आपली बाजू त्या मानाने दुबळी आहे, पण तेव्हाही त्याने लेखी नोटीसच द्यावी लागेल. या आधारावर दिवाणी न्यायालयात दावा दाखल करून, वीज पूर्ववत करण्याचा आणि पुन्हा अडथळा न आणण्याचा तात्पुरता हुकूम मागता येतो. परवाना मोबदला घेऊन दिलेला असताना आणि परवानाधारकाचा दोष नसताना त्याला मुदतीआधी बाहेर काढले, तर मालकाकडून भरपाई मिळवण्याची तरतूद भारतीय सुविधाधिकार अधिनियम, 1882 च्या कलम 64 मध्ये आहे. परवाना रीतसर रद्द केला तरी सामानासह निघण्यासाठी वाजवी वेळ मिळण्याचा हक्क त्याच कायद्याच्या कलम 63 ने दिलेला आहे.

विजेच्या बाबतीत दुसरा आणि बहुधा जलद मार्ग आहे. विद्युत अधिनियम, 2003 च्या कलम 43 प्रमाणे जागेच्या मालकाने किंवा ताबेदाराने अर्ज केल्यास वीज कंपनीने एका महिन्यात वीज द्यायची असते. आपण ताबेदार आहात आणि नोंदणीकृत करार हा त्या ताब्याचा पुरावा आहे. महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये सांगितले की वीज ही मूलभूत सुविधा आहे आणि घरमालकाने ना हरकत प्रमाणपत्र दिले नाही एवढ्याच कारणावरून ती भाडेकरूला नाकारता येणार नाही. अर्जदार त्या जागेत राहतो की नाही, एवढेच वीज कंपनीने पाहायचे असते. महावितरणच्या उपविभाग कार्यालयात लेखी तक्रार द्यावी. मीटर चालू आहे, बिल भरलेले आहे, तरी कटआउट काढून पुरवठा बंद केला आहे, असे त्यात लिहावे आणि जागेवर येऊन पाहणी करण्याची विनंती करावी. 1912 या क्रमांकावरही तक्रार नोंदवून तिचा क्रमांक लिहून ठेवावा. थकबाकीसाठी वीज तोडायची झाली तरी कंपनीला स्वतःला 15 दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. तेव्हा बिल भरलेले असताना मालकाने परस्पर कटआउट उपसून नेणे याला कोणताही कायदेशीर आधार नाही. कंपनीने दाद दिली नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच आणि त्यानंतर विद्युत लोकपाल यांच्याकडे जाता येते. एक गोष्ट मात्र मुळीच करू नये : शेजाऱ्यांच्या मीटरवरून तार ओढणे किंवा मीटर टाळून जोडणी घेणे. विद्युत कायद्याच्या कलम 135 खाली ती वीजचोरी ठरू शकते, आणि आज आपल्या बाजूने असलेले प्रकरण एका रात्रीत आपल्यावर उलटेल.

पोलिसांच्या उत्तराने खचून जाऊ नये. पुन्हा जाताना लेखी अर्ज न्यावा, त्यात कटआउट काढून नेल्याची तारीख, वेळ आणि मालकांनी दिलेल्या धमक्या त्यांच्याच शब्दांत लिहाव्यात, आणि दखलपात्र गुन्हा नोंदवत नसतील तर किमान अदखलपात्र नोंद, म्हणजे सगळे जिला एनसी म्हणतात ती, करून घेऊन तिची प्रत मागावी. तीही नाकारली तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने पोलीस आयुक्तांना पाठवावा. वकिलाचा खर्च परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, 1987 नुसार स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. त्यासाठी 15100 हा क्रमांक आहे.

एक सूचना. पाच महिन्यांनी कराराची मुदत संपली की सदनिका सोडावी. मुदत संपल्यावर राहणाऱ्याविरुद्ध भाडे कायद्याच्या कलम 24 खाली मालकाला सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येते, आणि त्या काळासाठी ठरलेल्या रकमेच्या दुप्पट नुकसानभरपाई द्यावी लागू शकते. अनामत परत मिळण्याविषयीचे पत्र मुदत संपण्याच्या महिनाभर आधी पाठवून ठेवावे.

प्रश्न : डोंबिवलीत एका सहकारी गृहनिर्माण संस्थेतला फ्लॅट आम्ही भाड्याने घेतला आहे. मालकाने दोन वर्षांचा मेंटेनन्स थकवल्यामुळे संस्थेने आमच्या फ्लॅटच्या नळाचा व्हॉल्व्ह बंद करून त्यावर साखळी लावली. आम्ही भाडे वेळेवर देतो. संस्थेचे सचिव म्हणतात, ‘तुमच्या मालकाला सांगा.’ — एक वाचक, डोंबिवली

उत्तर : थकबाकी वसूल करण्यासाठी संस्थेला महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 मध्येच पुरेसा आणि प्रभावी मार्ग दिलेला आहे : उपनिबंधकांकडे अर्ज करून वसुलीचा दाखला मिळवायचा आणि महसुलाच्या थकबाकीप्रमाणे, प्रसंगी सदनिका जप्त करूनसुद्धा, रक्कम वसूल करायची. पाणी बंद करणे हा त्या मार्गाचा भाग नाही, आणि ज्या कुटुंबाकडून संस्थेला एक रुपयाही येणे नाही त्याला तहानलेले ठेवणे तर त्याहूनही अन्यायाचे आहे. पहिले पत्र संस्थेच्या अध्यक्षांना आणि सचिवांना द्यावे, त्यात घरात लहान मुले किंवा आजारी व्यक्ती असल्यास त्यांचा उल्लेख करावा आणि व्हॉल्व्ह उघडण्यासाठी तीन दिवसांची मुदत द्यावी. त्याची प्रत उपनिबंधक, सहकारी संस्था, आणि महापालिकेच्या पाणीपुरवठा विभागाला पाठवावी. दुसरे पत्र मालकाला. तो संस्थेचा सभासद आहे, त्यामुळे संस्थेविरुद्ध दाद मागण्याचा थेट अधिकार त्याला आहे, आणि त्याच्याच थकबाकीमुळे आपले पाणी गेले असल्याने आपल्याला जबाबदारही तोच आहे.

व्यवहारात अशा प्रकरणांत एक तडजोड चांगली चालते. मालकाने लेखी संमती द्यावी, आपण पुढच्या काही महिन्यांचे भाडे थेट संस्थेच्या खात्यात मेंटेनन्सपोटी भरावे आणि संस्थेने त्याच दिवशी पाणी सुरू करावे. मात्र मालकाची संमती ईमेलवर किंवा सहीच्या पत्रात हाती आल्याशिवाय एकही हप्ता संस्थेकडे वळवू नये, नाहीतर उद्या तेच भाडे थकल्याचा आरोप आपल्यावर येईल. जाता जाता : बिगरवहिवाट शुल्क, म्हणजे सदनिका स्वतः न वापरता भाड्याने दिल्याबद्दल संस्था सभासदाकडून घेते ते शुल्क, सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त आकारता येत नाही. मालकाची ‘दोन वर्षांची थकबाकी’ याच शुल्काच्या अवाजवी आकारणीतून फुगलेली आहे का, हे त्याने तपासावे. अनेक भांडणांचे मूळ तेथे सापडते.

प्रश्न : मी घरमालक आहे. नाशिकमधल्या माझ्या घरातल्या भाडेकरूने चार महिने वीजबिल भरले नाही, म्हणून महावितरणने पुरवठा तोडला. करारात बिल भाडेकरूने भरायचे असे आहे. आता त्यानेच मला कलम 29 ची नोटीस पाठवली आहे. मी दोषी ठरेन का? — एक वाचक, नाशिक

उत्तर : आपण सांगता तशीच वस्तुस्थिती असेल तर नाही. घरमालकाच्या कृतीमुळे किंवा हयगयीमुळे सेवा बंद झाली तरच तो जबाबदार ठरतो; येथे हयगय भाडेकरूची आहे. नोटिशीला मात्र वेळेत लेखी उत्तर द्यावे आणि त्यासोबत कराराची प्रत, थकलेली बिले आणि कंपनीने वीज तोडण्यापूर्वी दिलेली नोटीस जोडावी. मीटर आपल्या नावावर असल्यामुळे कंपनी थकबाकी आपल्याकडेही मागेल, म्हणून रक्कम भरून टाकणे आणि ती भाडेकरूकडून वसूल करण्याचा हक्क राखून ठेवत असल्याचे त्याला लेखी कळवणे, हा कमी नुकसानीचा मार्ग आहे. वीज पुन्हा सुरू झाल्यावर भाडेकरूने परत बिल थकवले, तरी संतापाच्या भरात मुख्य स्विच बंद करू नये. तसे केले तर पुढच्या अर्जात हयगय आपली ठरेल. भाडे किंवा बिल थकले असेल तर त्यासाठी दाव्याचा रस्ता आहे. करार नोंदवलेला नसेल तर तेही आधी पाहावे, कारण भाडे कायद्याच्या कलम 55 नुसार नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे, आणि नोंदणी नसल्यास बिल कोणी भरायचे याबद्दल भाडेकरूचे म्हणणे, ते खोटे असल्याचे सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते.